सॅराटोगाच्या टेकडीवरचा वाडा आणि बाग

डोंगरावरचा राजवाडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो. आज आपण ज्या टेकडीकडे जाणार आहोत तिथे कधी राजा नव्हता, तटबंदी नव्हती, तोफाही नव्हत्या. तरीही तिथे एक वाडा आहे, आणि त्याच डोंगररांगेत, दोन-तीन किलोमीटरांवर, एक बाग आहे. दोन्ही साधारण एकाच काळात उभी राहिली. दोन्ही पाहायला एक दिवस पुरतो. पण पाहताना घाई करायची नाही.

आपली सहल क्युपर्टिनोहून निघते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला हे शहर आहे. ॲपल या संगणक कंपनीचे मुख्यालय येथे असल्यामुळे त्याचे नाव तुमच्या कानांवर आले असेल. कदाचित तुमचे एखादे काका-काकू, मामा-मामी तिथे राहतही असतील, कारण या भागात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. गावाचे नाव मात्र संगणकापेक्षा फार जुने. १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश सेनानीची तुकडी येथून गेली. वाटेतल्या एका ओढ्याला तिने संत जोसेफ यांचे नाव दिले. हे संत इटलीतल्या कोपर्तिनो गावचे. ओढ्याचे नाव पुढे गावाला चिकटले. ज्या रस्त्याने आपण दक्षिणेकडे निघालो आहोत, त्यालाही दे आन्साचेच नाव आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज घरे, दुकाने, कचेऱ्या दिसतात. शंभर वर्षांपूर्वी या सगळ्या खोऱ्यात फळबागा होत्या. आलुबुखार, जर्दाळू, चेरी यांची झाडे मैलोन्‌मैल पसरलेली होती. वसंत ऋतूत खोरे पांढऱ्या फुलांनी भरून जाई आणि ते पाहण्यासाठी शहरातून माणसे येत. या बागा आज जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. त्यांत राबणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न मनात ठेवा. तो आपल्याला दिवसभर लागणार आहे.

सात-आठ किलोमीटर गेल्यावर सॅराटोगा हे छोटे गाव येते. त्याच्या पाठीशी सांताक्रूझ पर्वताची रांग उभी आहे. आपण आधी वाड्याकडे वळू.

वाड्याचे नाव व्हिला मॉन्टॅल्व्हो. फाटकाजवळच दोन दगडी प्राणी तुमचे स्वागत करतील. धड सिंहाचे, तोंड व पंख गरुडाचे. इंग्रजीत यांना ग्रिफिन म्हणतात. आपल्याकडच्या मंदिरांच्या दारातले शरभ आठवले तर नवल नाही. मात्र हे ग्रिफिन येथे उगाच बसवलेले नाहीत. १५१० च्या सुमारास स्पेनमध्ये गार्सी रोद्रिगेस दे मॉन्टॅल्व्हो या लेखकाची एक अद्भुत कादंबरी छापली गेली. तीत सोन्याने भरलेले एक बेट होते आणि तिथे ग्रिफिन राहत. बेटाचे नाव होते कॅलिफोर्निया! स्पॅनिश दर्यावर्दींनी हे कल्पनेतले नाव खऱ्या भूमीला दिले. वाड्याच्या मालकाने त्या लेखकाचे नाव आपल्या घराला दिले.

हा मालक म्हणजे जेम्स ड्युव्हल फेलन. त्याचे वडील आयर्लंडहून आलेले. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात हजारो माणसे कॅलिफोर्नियात लोटली, त्यांत तेही होते. त्यांनी व्यापारात अमाप पैसा मिळवला. मुलगा बँकेचा कारभार पाहू लागला, १८९७ ते १९०२ या काळात सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झाला, पुढे १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला. १९१२ मध्ये त्याने या टेकडीवर वाड्याचे काम सुरू केले. इटली व स्पेनमधील जुन्या हवेल्यांसारखी कौलारू छपरे, पांढऱ्या भिंती, समोर लांबरुंद हिरवळ, कडेने संगमरवरी पुतळे, मागे डोंगरउतारावर झाडी, असा हा थाट. येथे लेखक येत, चित्रकार येत, गायक येत. फेलनला कलांची खरीखुरी आवड होती, यात शंका नाही.

हिरवळीवर थोडा वेळ बसा. मग मागच्या पायवाटेने चढून वर जा. रेडवूडच्या उंच झाडांमधून वाट वळणे घेत जाते. माथ्याजवळच्या एका मोकळ्या जागेवरून सगळे खोरे खाली पसरलेले दिसते. श्रीमंत माणसाने आपले घर येथे का बांधले, ते इथे उभे राहिल्यावर लगेच कळते.

आता जे सांगायचे आहे ते वाड्याच्या सौंदर्यात भर घालणारे नाही, पण सांगायलाच हवे. १९२० मध्ये फेलन दुसऱ्यांदा सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याची घोषणा होती, ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’. ही घोषणा कोणाविरुद्ध होती? खोऱ्यात शेतमजुरी करणाऱ्या, स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या जपानी माणसांविरुद्ध. ती अडाणी होती, आळशी होती, असे नव्हे. ती फार चांगली शेती करत, हीच अनेकांची तक्रार होती. फेलन ती निवडणूक हरला. पण त्याच वर्षी मतदारांनी जपानी शेतकऱ्यांविरुद्धचा जमिनीचा कायदा आणखी कडक केला. आणि गंमत पाहा, ज्या कादंबरीवरून वाड्याला नाव मिळाले, तिच्यातल्या कॅलिफोर्निया बेटावर कालाफिया नावाची राणी राज्य करते आणि ती व तिच्या सगळ्या प्रजाजन स्त्रिया कृष्णवर्णी आहेत! फेलनने ती कादंबरी कोणत्या नजरेने वाचली असेल, कोण जाणे.

१९३० मध्ये फेलन वारला. हा वाडा लोकांसाठी खुला राहावा आणि कलावंतांच्या उपयोगी पडावा, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात केली होती. १९३९ पासून कलावंतांनी येथे येऊन राहावे व काम करावे, अशी सोय सुरू झाली. आज जगभरचे कलावंत येथे येतात. त्यांत जपानी असतात, भारतीयही असतात.

चला, गावात जाऊन डबे उघडू. सॅराटोगाच्या मुख्य रस्त्यावर खाण्याची दुकाने आहेत, पण सहलीला घरच्या दशम्या आणि चटणीच बरी. जेवण झाले की बिग बेसिन वे या रस्त्याने पुन्हा चढाला लागू. थोड्याच वेळात डाव्या हाताला एक अरुंद, खड्या चढणीचा फाटा फुटतो. त्याच्या टोकाशी लाकडी महाद्वार आहे. आत शिरलात की तुम्ही जपानात आला आहात, असेच वाटेल.

या बागेचे नाव हाकोने. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रचंड जागतिक प्रदर्शन भरले होते. पनामा कालवा खुला झाला आणि १९०६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले शहर पुन्हा उभे राहिले, असा दुहेरी आनंद त्यात होता. प्रदर्शनात जपानने आपली बाग मांडली होती. ऑलिव्हर व इझाबेल स्टाइन या दांपत्याने ते प्रदर्शन पाहिले आणि सॅराटोगाच्या टेकडीवर जागा घेतली. इझाबेलबाई पुढे जपानला गेल्या, फुजी पर्वताजवळच्या हाकोने या रम्य प्रदेशात फिरल्या, आणि परत येऊन त्यांनी आपल्या बागेला तेच नाव दिले. बागेची आखणी नाओहारू आइहारा यांनी केली. घरे त्सुनेमात्सू शिंतानी यांनी बांधली. ही दोन नावे लक्षात ठेवा. बागांची माहिती सांगताना मालकांची नावे सगळे सांगतात, माळ्याचे आणि सुताराचे नाव क्वचितच कोणी सांगते.

ही बाग मनाला भुरळ घालते, ती कशामुळे? फुले पाहाल तर फार नाहीत. वसंतात विस्टेरियाच्या वेलीला जांभळे घोस लोंबतात, एरवी सगळा हिरव्या रंगाचाच खेळ. खरी युक्ती पायवाटेत आहे. वाट कोठेही सरळ जात नाही. प्रत्येक वळणावर एखादे झाड, एखादा उंचवटा पुढचे दृश्य झाकून टाकतो. तळे दिसते ते अर्धेच. धबधब्याचा आवाज आधी येतो, धबधबा नंतर. बाग एकदम सगळी कधीच दिसत नाही, म्हणून ती आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते. सगळी मिळून जागा १८ एकर आहे, हे सांगूनही पटत नाही. शिवाय मागच्या डोंगरावरचे रान बागेने जणू उसने घेतले आहे. कुंपण कोठे संपते आणि रान कोठे सुरू होते, ते डोळ्यांना कळू नये अशी रचना आहे. सपाट जागेवर पांढरी खडी पसरून तीत दाताळ्याने ओढलेल्या रेघा दिसतील. ते पाण्यावाचूनचे पाणी! रेघा म्हणजे लाटा. तळ्यात रंगीत कोई मासे फिरतात आणि काठावर दगडी कंदील उभे आहेत. आपण तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणती ठेवतो, तसा त्यांच्या पोटात दिवा ठेवतात.

पुण्यात राहणाऱ्यांना हे वाचून सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आठवेल. जपानमधील ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांची जुनी बाग आहे. तिच्या धर्तीवर, पुणे आणि ओकायामा या शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून ते केले आहे. इतरांनी पुण्याला गेल्यावर ते जरूर पाहावे. तिथे वाट कशी वळते, ते पाहिले की हाकोनेची कल्पना येईल.

पायऱ्यांनी वर चढा. टेकडीच्या अंगावर एक साधे लाकडी घर आहे. ते चंद्र पाहण्याचे घर. १९१७ मध्ये शिंतानी यांनी जपानी पद्धतीने, लोखंडी खिळ्यांवाचून ते उभारले. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचे टोक तासून तीत घट्ट बसवायचे, अशी ही विद्या. आपल्या जुन्या वाड्यांतील खांब आणि तुळया ज्यांनी बारकाईने पाहिल्या असतील, त्यांना ती परकी वाटणार नाही. घरासमोर पूर्वेकडे खोरे उघडे आहे. पौर्णिमेचा चंद्र त्या बाजूने वर येतो. जपानी लोक शरद ऋतूत चंद्रदर्शनाचा सण पाळतात. आपली कोजागरी असते त्याच सुमारास. दूध आटवत नाहीत, एवढाच फरक!

या ओसरीवर बसून सकाळचा प्रश्न पुन्हा विचारू. हे घर उभे राहिले तेव्हा, जपानमधून येथे आलेल्या माणसाला अमेरिकेचे नागरिक होण्याची परवानगी नव्हती. १९१३ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेता येत नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीवर बाग फुलवता येई, दुसऱ्यासाठी खिळ्यांवाचून घर बांधता येई, पण स्वतःच्या नावावर एक वाफाही करता येत नसे.

हा नियम केवळ जपानी माणसांपुरता नव्हता. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना मिळालेले नागरिकत्व १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. भारतीय मनुष्य गोरा ठरत नाही, हे कारण. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक अमेरिकेच्या याच पश्चिम किनाऱ्यावर वावरले, तोही काळ हाच, फेलनचा वाडा बांधला जात होता तेव्हाचा. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला. जमिनीचा कायदा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९५२ मध्ये रद्द ठरवला. १९६५ च्या नव्या कायद्याने आशियातील लोकांना अमेरिकेची दारे खऱ्या अर्थाने उघडली. क्युपर्टिनोत आज गणपती बसतो, तो या तारखांच्या नंतर.

दरम्यान एक फार वाईट गोष्ट घडली. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई जुंपल्यावर, १९४२ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावून तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत ठेवले गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे तेथील नागरिक होते. तुमच्याएवढी मुले त्यांत होती. या खोऱ्यातल्या पुष्कळ कुटुंबांना वायोमिंग राज्यातल्या हार्ट माउंटन येथे, बर्फात, लाकडी खोल्यांत दिवस काढावे लागले. सरकारने १९८८ मध्ये त्यांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

बाग मात्र टिकली. १९३२ मध्ये ती चार्ल्स ली टिल्डन यांनी घेतली. आपण ज्या महाद्वारातून आत आलो, ते त्यांनी १९४१ मध्ये बांधवून घेतले. म्हणजे जपानशी युद्ध सुरू झाले त्याच वर्षी! १९६६ मध्ये सॅराटोगा नगराने बाग विकत घेतली आणि ती सर्वांची झाली. वरच्या बाजूला जे बांबूचे बन आहे, ते १९८७ मध्ये जपानमधील मुको या मित्रशहराच्या सहकार्याने लावले. वाऱ्याने त्याची सळसळ ऐका. कोकणातल्या मुलांना ती घरची वाटेल.

बाग बंद होण्याची वेळ संध्याकाळी लवकरच होते, तेव्हा आता निघू. परतताना थोडी वाकडी वाट करून सॅराटोगाच्या ग्रंथालयाकडे जाऊ. त्याच्या शेजारी जुन्या फळबागेचा एक तुकडा गावाने राखून ठेवला आहे. जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी. झाडे ओळीने उभी आहेत, खालची जमीन मोकळी आहे. संपूर्ण खोरे एकेकाळी असे दिसत होते. उन्हाळ्याचे दिवस असतील तर जर्दाळू पिकून पिवळे झालेले दिसतील.