जाळ्यावरची भाजी



माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे लिहिताना एखादा शब्द हिंदी वळणाचा आला तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र प्रत्येकाच्या घरचा आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात प्रार्थनेच्या वेळी सहावीची एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तपासणीत तिच्या अंगात रक्त कमी निघाले. तिचे वडील तापीत मासे धरतात. मासेमाराच्या घरी मुलांना मासे तरी मिळत असतील, असा माझा समज होता. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "बाई, मोठा मासा बाजारात जातो. घरी राहतो तो बारीक. आणि आता तर बंदी आहे. पावसात भाजीही महाग. चटणी-भाकरी देते मुलांना."

त्या दिवशी मला माझ्या समजाची लाज वाटली. म्हणून हा पाठ.

बंदीचे दोन महिने

मध्य प्रदेशात दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात नद्यांतील मासेमारी बंद असते. पावसाळ्यात मासे अंडी घालतात. त्यांना तेव्हा धरले तर पुढच्या वर्षी नदीत मासा उरणार नाही. महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्यावरही याच कारणासाठी 1 जून ते 31 जुलै अशी बंदी असते. नियम योग्यच आहे. पण याच दिवसांत शाळा उघडते, वह्या-पुस्तके घ्यायची असतात आणि घरात येणारा पैसा थांबतो. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत या काळासाठी मदत ठेवली आहे. मासेमाराचे 1500 रुपये आणि शासनाचे 3000 रुपये मिळून तीन महिन्यांत 4500 रुपये होतात. म्हणजे महिन्याला 1500 रुपये. पाच माणसांच्या घरात त्यातून भाजीला किती उरेल, याचा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा.

रक्त कमी का होते?

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 72.7 टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 54.7 टक्के होते. हा प्रश्न फक्त नदीकाठच्या घरांचा नाही, आपल्या सर्वांच्या घरांचा आहे.

रक्तासाठी लोह लागते. पालेभाजीत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच घेऊ शकते. सोबत लिंबू, टोमॅटो, हिरवी मिरची किंवा पेरू असेल तर ते जास्त घेतले जाते, कारण या पदार्थांत क जीवनसत्त्व असते. जेवणात थोडा मासा असला तरी भाजीतले लोह अधिक लागू पडते. म्हणजे मासा आणि पालेभाजी एकमेकांचे सोबती आहेत. बारीक मासे काट्यांसकट खाल्ले तर हाडांसाठी कॅल्शियमही मिळते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह वाया जाते. ही सवय मोडायला एक पैसाही लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. एवढी भाजी दोन-चार गोण्यांतून निघणार नाही, हे आधीच सांगते. पण ताटात रोज मूठभर हिरवे पान आले तरी चटणी-भाकरीचे जेवण बदलते.

जागा नाही, भिंत आहे

नदीकाठच्या घराला अंगण नसते, आणि असले तरी पुरात जाते. मग भाजी उभी लावायची. नैरोबीच्या किबेरा वस्तीत अनेक कुटुंबे गोणीत भाजी लावतात. आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाजी आणि फळझाडे फुलवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचा विचार होता. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना एकच गोष्ट शिकवली: आपल्या हाताशी काय आहे ते मोजा, करून पाहा आणि एकमेकांना सांगा.

मासेमाराच्या हाताशी काय आहे? फाटके जाळे आहे. ते भिंतीला किंवा दोन बांबूंना ताणून बांधले की गिलके, दोडके, कारले, वाल आणि मायाळू यांचे वेल त्यावर चढतात. जाळे घट्ट ताणावे. सैल राहिले तर पाखरे अडकतात.

आपल्या बुऱ्हानपूरला दुसरी एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे केळीचा खांब. घड उतरल्यावर खांब टाकून देतात. तो आडवा ठेवून त्यात वितीवितीवर खोबण्या कराव्यात, त्यात माती-खत भरावे आणि कोथिंबीर किंवा पालेभाजी पेरावी. खांबातच ओल असल्यामुळे पाणी कमी लागते. काही महिन्यांत खांब कुजतो. मग त्याचेच खत करावे.

गोणी भरण्याची रीत

1. धान्याची किंवा साखरेची रिकामी गोणी घ्यावी. कीटकनाशकाचे पोते कधीही घेऊ नये.
2. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू मिसळावी.
3. तळ नसलेला डबा गोणीच्या मधोमध ठेवून त्यात विटांचे तुकडे भरावेत, भोवती माती घालावी आणि डबा वर ओढत जावे. मध्ये तुकड्यांचा खांब तयार होतो. त्यातून पाणी तळापर्यंत पोचते. कुंडी भंडाऱ्याचे पाणी जसे वरून दिसत नाही पण आतून वाहते, तसेच हे.
4. गोणीच्या बाजूंना वितीवितीवर चिरा द्याव्यात आणि त्यात पोकळा किंवा माठ यांची रोपे लावावीत. वर मिरची किंवा टोमॅटो लावावा.
5. तांदूळ आणि मासे धुतलेले पाणी मुळाशी घालावे, पानांवर नको. मिठाचे पाणी चालत नाही.

पोकळा आणि माठ साधारण महिन्याभरात काढता येतात. मे महिन्याच्या शेवटी पेरले तर बंदी लागून थोडे दिवस होतात न होतात तोच पहिली भाजी हाती येते. पालक आणि मेथी हिवाळ्यासाठी ठेवावी.

आमची चूक

मागच्या वर्षी शाळेत आम्ही बारा गोण्या लावल्या. त्यांतल्या नऊ वाया गेल्या. चूक माझी होती. घाईत नुसती काळी माती भरली. ती उन्हात दगडासारखी झाली आणि पावसात चिखल झाली. मधला विटांचा खांबही केला नव्हता. तेव्हा शाळेत आलेल्या त्याच मुलीच्या आईने गोणीला हात लावून सांगितले, "बाई, नदीची वाळू घाला. आम्ही वाळूतच टरबूज-डांगर लावतो." तापीच्या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या वाडी करणाऱ्यांना मी भाजी शिकवायला निघाले होते! तिच्या सांगण्यावरून पुन्हा भरलेल्या गोण्यांत पोकळा छान आला. तिच्या स्वतःच्या घरी आता तीन गोण्या आणि जाळ्यावर गिलक्याचा वेल आहे. मुलगी आठवीत आहे. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्याही तिने नियमित घेतल्या, हेही सांगायला हवे. भाजी औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबत आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शाळेची दक्षिणेकडची भिंत या कामासाठी द्यावी. शाळांमध्ये पोषण वाटिका करण्याच्या सूचना केंद्र शासनाने 2019 सालीच दिल्या आहेत. भाजी मध्यान्ह भोजनात जाईल आणि उरलेली रोपे बंदीपूर्वी नदीकाठच्या घरांना देता येतील.

स्वाध्याय

1. तुमच्या घरी या आठवड्यात किती दिवस पालेभाजी झाली? वहीत नोंद करा.
2. जेवणानंतर लगेच चहा कोण घेते? त्यांना कारण समजावून सांगा.
3. आजी-आजोबांना विचारून पावसाळ्यात मिळणाऱ्या पाच पालेभाज्यांची मराठी आणि हिंदी नावे लिहा.
4. एक गोणी भरा. ती वाया गेली तर का गेली, ते वर्गात सांगा. त्यालाही पूर्ण गुण मिळतील.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली,
प्राचार्य