मुक्काम ठरवा उतार बघून

लडाखच्या पूर्व सीमेवरचं चांगथांग म्हणजे पँगाँग, चुशूल, हानले, न्योमा. गाडी घेऊन तिथे निघालेली मंडळी तंबू लावायची जागा बहुतेक वेळा दृश्य बघून निवडतात. माझा आग्रह वेगळा आहे: रात्री दोन वाजता सोबत्याला धाप लागली, तर इथून खाली कसं उतरणार, हे आधी बघा. त्याचं उत्तर मिळत नसेल, तर जागा कितीही देखणी असो, तिथे झोपू नका.

कळसूबाईची उंची साधारण ५,४०० फूट. लेह ११,५०० फुटांवर आहे, पँगाँग आणि हानले त्याहून अडीच-तीन हजार फूट वर. विमानाने लेहला उतरलात तर निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. त्यानंतर बहुतेक जण थेट पँगाँगला जातात, तिथेच मोठी चूक होते. पँगाँगहून लेहला परतायच्या नेहमीच्या रस्त्यावर चांग ला ही खिंड आडवी येते, साडेसतरा हजार फुटांच्या वर. म्हणजे आजारी माणसाला खाली न्यायचं, तर आधी तीन हजार फूट वर चढवावं लागतं, तेही कदाचित बर्फातून, अंधारात.

म्हणून फेरी उलटी करा. लेहहून उपशी, तिथून सिंधूच्या काठाने चुमाथांग. इथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि गाव लेहपेक्षा साधारण दीड हजार फुटांनीच उंच आहे. पहिला मुक्काम इथे ठेवा. दुसऱ्या दिवशी माहे, न्योमा, लोमा करत हानले. या रस्त्याला मोठी खिंड नाही. प्रकृती बिघडलीच तर नदीच्या धारेबरोबर उतरत येता येतं. चार-पाच दिवसांनी, शरीर रुळल्यावर, चुशूलमार्गे पँगाँग करा आणि शेवटी चांग ला ओलांडा. पँगाँगच्या काठी २६ डिसेंबर २०२४ रोजी शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्याच्या दर्शनाची ओढ मला समजते, पण तो टप्पा शेवटीच बरा. हानलेपुढे उमलिंग ला ही खिंड आहे, १९,०२४ फूट. जायचंच असेल तर सकाळी जा, थोडा वेळ थांबा आणि परत फिरा.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं ही उंचीच्या आजाराची सुरुवात. तेवढ्यावर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. लगेच निघा आणि वाटेतल्या लष्करी चौकीवर मदत मागा. ऑक्सिजन देत देत उतरा. नुसता ऑक्सिजन देऊन तिथेच थांबणं धोक्याचं आहे. या आजारावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधी सांगा.

आता तंबू. सह्याद्रीत आपण पाऊस बघून ओढ्याचा अंदाज बांधतो. इथे आभाळ निरभ्र असताना दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात. त्यामुळे नाले सकाळीच ओलांडा आणि कोरड्या पात्रात कधीही तंबू लावू नका. ६ ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने लेहच्या परिसरात काय केलं, ते तिथले लोक विसरलेले नाहीत. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून गाडी वाऱ्याच्या अंगाला आडवी लावा. थंडी वाजते म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवू नका, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा छोटा प्रेशर कुकर घ्या, नाहीतर डाळ शिजणार नाही.

खरं तर पहिल्या फेरीत होमस्टेच बरा. तंबूच हवा असेल तर गावच्या गोबाला, म्हणजे मुखियाला, विचारून लावा. मोकळं दिसणारं गवत चांगपा मेंढपाळांचं कुरण असतं. उरलंसुरलं अन्न उघड्यावर टाकू नका. त्यावर पोसलेली भटकी कुत्री काळ्या मानेच्या क्रौंचांची अंडी आणि पिल्लं खातात, आणि भारतात हा पक्षी प्रामुख्याने इथल्याच पाणथळींत घरटं करतो. हानलेचा परिसर २०२२ मध्ये गडद आकाशासाठी राखीव ठरवला गेला. तिथल्या वेधशाळेजवळ रात्री प्रखर दिवे लावू नका, लाल प्रकाशाची टॉर्च वापरा.

सीमेचे नियम मात्र अक्षरशः पाळा. परवाने, शुल्क आणि खुले रस्ते यांची ताजी माहिती लेहमध्येच घ्या. कागदांच्या चार-पाच प्रती जवळ ठेवा. सुरुंगक्षेत्राची पाटी किंवा तारेचं कुंपण दिसलं तर रस्ता सोडून एक पाऊलही टाकू नका, लघुशंकेलासुद्धा. चौक्या, पूल, लष्करी ताफे यांचे फोटो नकोत, ड्रोन घरीच राहू दे. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने दिलेला सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपग्रहाने संदेश पाठवणारं उपकरणही घरीच ठेवा. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि त्यापायी लोकांना अटक झाली आहे.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही पुढे बऱ्याच ठिकाणी मुकं होतं. टाकी लेह किंवा वाटेतल्या कारूलाच काठोकाठ भरा. मुक्कामांची गावं, तारखा आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून लेहच्या हॉटेलमालकाकडे द्या. ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तर पोलिसांना कळवायचं, हे त्यांच्याशी बोलून ठेवा.