सीताफळ : पानांतील गुण, बियांतील विष

गोदावरीकाठच्या मंचेरियलमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळाचा हंगाम असतो. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हे झाड, अनोना स्क्वामोसा, आता आपल्याला परके वाटत नाही. १०० ग्रॅम गरात सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. पानांत क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड्स आढळतात. पानांचा अर्क प्रयोगशाळेत मुक्तकणांना निष्प्रभ करतो हे खरे. परंतु परीक्षानळीतील गुण रुग्णाच्या रक्तात तसाच उतरेल असे नाही. मधुमेही व्यक्तीने काढ्यावर विसंबून गोळ्या बंद करू नयेत. शिवाय तेवढ्याच गरात सुमारे २४ ग्रॅम कर्बोदके असतात, हे सहसा कोणी सांगत नाही!

बियांविषयी अधिक स्पष्ट बोलावे लागेल. त्यांतील अ‍ॅसिटोजेनिन्स पेशीतील मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती रोखतात. उवा मारण्यासाठी बियांची पूड डोक्याला लावण्याची रीत आहे ती यामुळेच. मात्र ती पूड डोळ्यांत गेल्यास तीव्र वेदना होतात आणि बुबुळावरील पारदर्शक पटलाला इजा पोहोचते. अशा वेळी डोळा तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा व नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. घरगुती उपाय म्हणून रुग्ण ही गोष्ट बहुधा सांगत नाही. लाल डोळा तपासताना आपणच ती विचारावी.