संगणकावरची खातेवही : उधारी, मजुरी आणि उचलीचा चोख हिशेब

आज आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांच्या दुकानात संगणक आहे, आणि तो नसेल तर हातात स्मार्टफोन तरी आहेच. एक्सेलचे नावही सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचा वापर पाहिला तर असे दिसते की आकडे संगणकावर लिहिले जातात आणि बेरीज मात्र शेजारी ठेवलेल्या कॅल्क्युलेटरवर केली जाते. काही ठिकाणी बेरीजही संगणकच करतो, पण ती बरोबर आहे की नाही हे कोणी तपासत नाही. या दोन्ही पद्धतींत नुकसानच आहे. म्हणून या लेखात आपण संगणकावरचे हिशेबपत्रक, म्हणजेच स्प्रेडशीट, कसे वापरावे याचे काही साधे नियम पाहू.

हे साधन मुळात हिशेबवहीतूनच जन्माला आले. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी १९७९ साली अ‍ॅपल-२ या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' नावाचा प्रोग्राम बाजारात आणला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलावेत, एवढीच त्यामागची कल्पना होती. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. आज लिब्रेऑफिस कॅल्क व गूगल शीट्स हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. खाली सांगितलेले बहुतेक नियम या सर्वांना लागू पडतात. सूत्रांची नावे येथे मराठी अक्षरांत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत लिहावीत.

एका ओळीत एकच व्यवहार

सर्वांत मोठी चूक येथेच होते. आपण प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळे पान काढतो, मध्ये मध्ये रिकाम्या ओळी सोडतो, दोन-तीन चौकटी जोडून वर मोठे शीर्षक देतो. डोळ्यांना हे बरे दिसते, पण संगणकाला त्यातून काही शोधता येत नाही.

योग्य पद्धत अशी. पहिल्या पानाला 'नोंद' असे नाव द्यावे. त्यात फक्त पाच रकाने असावेत : तारीख, खाते क्रमांक, तपशील, नावे आणि जमा. माल उधार दिला की 'नावे'मध्ये रक्कम लिहावी, पैसे आले की 'जमा'मध्ये. सर्व गिऱ्हाइकांचे सर्व व्यवहार एकाखाली एक याच पानावर लिहावेत.

दुसरे पान 'यादी'. त्यात खाते क्रमांक, पूर्ण नाव, गाव आणि फोन असावा. क्रमांक कशासाठी, असे कोणी विचारील. एकाच बाजारपेठेत एका नावाची चार माणसे असतात. शिवाय 'सलीमभाई' एकदा जोडून आणि एकदा तोडून लिहिले, तर संगणक त्यांना दोन वेगळी माणसे समजतो. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात गेली की भांडण ठरलेलेच. क्रमांकाने हा घोळ टळतो.

रक्कम रक्कम म्हणून, तारीख तारीख म्हणून

चौकटीत '५०० रु.' असे लिहिले की संगणकाच्या दृष्टीने ती रक्कम राहत नाही, तो नुसता मजकूर होतो. बेरजेचे सूत्र असा मजकूर गुपचूप सोडून देते आणि कसलीही सूचना देत नाही. म्हणून चौकटीत केवळ अंक लिहावा. रुपयाचे चिन्ह हवे असल्यास ते फॉरमॅटमधून आणावे. ओळखण्याची खूण सोपी आहे. आपण काही बदल केला नसेल तर अंक चौकटीच्या उजव्या बाजूला चिकटतात आणि मजकूर डाव्या बाजूला. डावीकडे बसलेली रक्कम दिसली की सावध व्हावे.

तारखेचेही तसेच. ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर तो ४ मार्च समजतो. एकदा १५/४ लिहून पाहावे. ती तारीख म्हणून न घेता मजकूर म्हणून डावीकडे राहिली, तर पद्धत बदलून घ्यावी. आजची तारीख लिहिण्यासाठी कंट्रोल आणि अर्धविराम ही बटणे एकत्र दाबावीत. व्यवहाराच्या तारखेसाठी 'टुडे' हे सूत्र कधीही वापरू नये. ते रोज बदलते. आज दिलेल्या मालावर उद्या उद्याचीच तारीख दिसेल.

सूत्र कोठपर्यंत पोहोचते?

आता जोखमीची गोष्ट. समजा, एका शिवणकामाच्या कारखान्यात एका कारागिराची नोंद पुढीलप्रमाणे आहे. नगाचा दर ८५ रुपये. पहिल्या आठवड्यात ४२ नग, म्हणजे ३,५७० रुपये. दुसऱ्यात ३८ नग, ३,२३० रुपये. तिसऱ्यात ४५ नग, ३,८२५ रुपये. एकूण मजुरी १०,६२५ रुपये. त्याने उचल घेतली ३,५०० रुपये. म्हणजे त्याला देणे निघते ७,१२५ रुपये.

परंतु मालकाने बेरजेचे सूत्र दुसऱ्या आठवड्यात लिहिले होते आणि तिसऱ्या आठवड्याची ओळ त्याच्या कक्षेबाहेर पडली. संगणक मजुरी दाखवतो ६,८०० रुपये आणि देणे ३,३०० रुपये. कारागीर फारसा शिकलेला नाही, तो म्हणतो, संगणकाने काढले म्हणजे बरोबरच असेल. मालकाच्या मनात काहीही वाईट नाही. तरीही एका माणसाच्या घामाचे ३,८२५ रुपये बुडाले.

ही चूक अडाण्यांचीच होते असे नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० साली सरकारी कर्जावर एक निबंध लिहिला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचे हिशेबपत्रक तपासले, तेव्हा असे आढळले की सरासरीच्या सूत्रात २० पैकी १५ देशच आले होते. शेवटच्या पाच ओळी राहून गेल्या होत्या. निबंधावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक लेखकांनी स्वतः मान्य केली.

उपाय दोन आहेत. एक्सेलमध्ये नोंदीच्या पानावर कोठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबावे. सारी नोंद 'टेबल' बनते, आणि खाली नवी ओळ लिहिली की तीही सूत्रांच्या कक्षेत आपोआप येते. दुसरा उपाय सर्वत्र चालतो : बेरजा नोंदीच्या पानावर न ठेवता वेगळ्या पानावर ठेवाव्यात आणि सूत्रात पूर्ण रकाना द्यावा, उदा. 'डी २ ते डी ५०' ऐवजी 'डी ते डी'.

दर एकाच जागी

नगाचा दर, हमालीचा दर, कराची टक्केवारी हे आकडे प्रत्येक सूत्रात पुन्हा पुन्हा लिहू नयेत. 'दर' नावाचे छोटे पान करावे आणि सूत्राने तेथून दर घ्यावा. सूत्र खाली ओढताना दराची चौकट सरकू नये म्हणून तिच्यावर एफ-४ दाबून डॉलरचे चिन्ह लावावे. मात्र दर बदलला की जुना दर पुसू नये, नाहीतर मागच्या महिन्यांची मजुरीही बदलून बसेल. नवा दर नव्या चौकटीत, लागू झाल्याच्या तारखेसह लिहावा आणि नव्या ओळींची सूत्रे त्या चौकटीकडे वळवावीत.

कोणाकडे किती येणे?

तिसरे पान 'बाकी'. येथे 'सम-इफ' हे सूत्र कामाला येते. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोठे शोधायचे, काय शोधायचे आणि कशाची बेरीज करायची. खाते क्रमांकाच्या रकान्यात १२ शोध आणि त्यासमोरच्या 'नावे' रकमांची बेरीज कर. त्यातून १२ च्याच 'जमा' रकमांची बेरीज वजा कर. उरली ती त्या गिऱ्हाइकाची बाकी. सूत्र एकदा लिहून खाली ओढले की सर्व खात्यांची बाकी तयार होते.

आता ताळा घ्यावा. नोंदीच्या पानावरील एकूण 'नावे' वजा एकूण 'जमा', आणि 'बाकी' पानाची एकूण बेरीज, हे दोन आकडे सारखे असलेच पाहिजेत. त्यांचा फरक एका चौकटीत कायम दिसत ठेवावा. तेथे शून्य नसेल तर कोठेतरी खाते क्रमांक चुकला किंवा राहिला आहे. जुने मुनीम ताळा जमल्याशिवाय वही मिटत नसत. आपणही फाइल मिटू नये.

उधारी किती जुनी झाली हेही पाहता येते. त्यासाठी बिलांचे वेगळे पान ठेवावे. संगणक तारखेला आतून दिवसांचा क्रमांक समजतो, म्हणून 'टुडे'च्या सूत्रातून बिलाची तारीख वजा केली की दिवस मिळतात. न फिटलेले बिल ३० दिवसांपेक्षा जुने झाले की चौकट लाल व्हावी, अशी सोय कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये आहे. नोंदणीकृत लहान उत्पादकांना याचा विशेष उपयोग आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ अन्वये मालाचे पैसे देण्याची मुदत करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि लेखी करारच नसेल तर ती १५ दिवसांची आहे. हा हक्क मागायचा तर तारखा चोख हव्यात.

तीन सावधगिऱ्या

पहिली, क्रम लावताना एकच रकाना निवडू नये. नुसत्या तारखांचा क्रम लावला तर तारखा हलतात, रकमा जागेवरच राहतात आणि सारी वही खोटी होते. नेहमी पूर्ण नोंद निवडावी.

दुसरी, फाइल जुन्या पद्धतीत साठवू नये. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात जुन्या पद्धतीच्या फाइलमुळे कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

तिसरी, दर आठवड्याला तारीख घातलेली एक प्रत दुकानाबाहेर, दुसऱ्या जागी ठेवावी. सूत्रांच्या चौकटींना कुलूप लावावे, म्हणजे नोकराच्या हातून चुकून सूत्र पुसले जाणार नाही.

शेवटी एक गोष्ट. संगणकावरचा आकडा कोणीही, केव्हाही बदलू शकतो. म्हणून बिले व पावत्या फेकू नयेत. महिन्याच्या शेवटी प्रत्येक कारागिराला आणि गिऱ्हाइकाला त्याच्या खात्याचा उतारा छापून द्यावा, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावा आणि त्याची सही घ्यावी. मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, ही शिकवण सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. लेखणीची जागा कळफलकाने घेतली म्हणून ती जबाबदारी कमी झालेली नाही.

या आठवड्यात एवढेच करावे : 'नोंद', 'यादी' आणि 'बाकी' ही तीन पाने उघडावीत, दहा खाती घालावीत आणि जुनी वही बाजूला ठेवून महिनाभर दोन्ही हिशेब चालवावेत. दोहोंचा ताळा महिनाभर जमला, की मग संगणकावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.