पत्रिकेवरचे रफार

‘‘काकू, पत्रिका हल्ली वाचतं कोण? सगळे मोबाइलवरच तर बघतात.’’ माझ्या लेकीचं नाव चुकीचं छापून ठेवल्यावर घाटकोपरच्या पत्रिकावाल्याने मला हे ऐकवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण झालं ते लिहिणार, कारण ‘तुम्हीच नीट तपासलं नसेल’ म्हणणारे आमच्या नात्यागोत्यात अजून भेटतात. मी तपासलं होतं. प्रूफ कागदावर काढून मागितलं, मोठ्याने वाचलं, खाली तारीख घालून सही केली. त्याची एक प्रत आजही माझ्या कपाटात आहे.

त्या प्रूफवर ‘शर्वरी’ असं स्वच्छ आहे. गठ्ठा घरी आला. पहिली पत्रिका गणपतीची, म्हणून तिच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली आणि मधल्या सोनेरी ओळीवर नजर गेली. ‘चि. सौ. कां. शवरी’. चष्मा पुसला. खाली ‘शुभमुहूत’. त्याच्या खाली ‘सव आप्तेष्टांसह’. अख्ख्या पत्रिकेत एकही रफार नव्हता. हातापायातलं बळच गेलं. चारशे पत्रिका, आणि नवरीचं नावच धड नाही. पण तेव्हाच एक गोष्ट लख्ख कळली. माणसाच्या नजरेतून एखादा रफार सुटतो, सगळेच्या सगळे सुटत नाहीत. चूक माझ्या मजकुरात नव्हतीच.

हे कसं घडतं ते पुढे गिरगावातल्या एका ऑपरेटरने समजावलं. आपण व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतो तो युनिकोडमध्ये. दुकानातला मुलगा तो कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात बसवतो. तिथे रफार हे सुटं चिन्ह असतं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे नेमका तोच फॉन्ट नसला, की चिन्हं जागा बदलतात नाहीतर गळतात. म्हणून फाइल बाहेर देण्याआधी अक्षरांचे ‘कर्व्ह’ करायचे असतात, मग अक्षर चित्रासारखं राहतं, हलत नाही. आमच्या दुकानदाराने सोनेरी छपाईच्या फॉइलचा ब्लॉक बाहेर करायला दिला तो कर्व्ह न करताच. तयार ब्लॉकवर अक्षरं उलटी असतात. ती कुणी वाचलीच नाहीत.

मी दुकानात गेले तर पहिलं वाक्य, ‘‘तुम्ही ओके दिलं होतं.’’ सही केलेलं प्रूफ समोर धरलं, त्याने हातातसुद्धा घेतलं नाही. मग म्हणे स्टिकर लावून देतो. नवरीच्या नावावर स्टिकर! तेही नको म्हटल्यावर बिलावरच्या ओळीवर बोट ठेवलं, ‘एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही’, आणि माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाला हसतमुखाने नमुने दाखवायला लागला. पैशांपेक्षा ती पाठ मला जास्त लागली.

त्या ओळीला भिऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणंही त्यातच येतं, म्हणून पक्कं बिल घ्याच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी तिथे तक्रार नोंदवली आहे.

आणि पत्रिका वाचतं कोण? महापालिका वाचते. वॉर्ड ऑफिसात विवाह नोंदणीच्या कागदांबरोबर लग्नपत्रिका मागतात. आम्हा मुलुंडकरांना टी वॉर्ड, घाटकोपरला एन. पत्रिका नसली तर प्रतिज्ञापत्र करत बसा. तेव्हा वधूवरांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच छापा, लाडाचं नाव हवं तर कंसात घाला.

फॉइल करणार असाल तर ब्लॉकचा ठसा कागदावर मारून दाखवल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका. फोनवरच्या चित्राला ‘ओके’ तर नकोच. शक तपासा. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, तिथून शके १९४८. पाडव्याआधी छापलेल्या वैशाखातल्या लग्नाच्या पत्रिकेत मागचाच शक राहून जातो. घाटकोपर-मुलुंडला बरीच दुकानं मुळात कंकोत्रीची म्हणजे गुजराती लग्नपत्रिकांची, त्यांच्या तयार साच्यातून विक्रम संवत तसाच उतरतो. बाकी चार दुकानं फिरा, घाई करू नका, बजेट आधी ठरवा, हे सगळे सांगतातच.

आम्ही पत्रिका पुन्हा चिराबाजारात छापल्या, फॉइल न घेता साध्या ऑफसेटवर. तिथल्या माणसाने न सांगता मशीनवरचा पहिला ताव वाचायला दिला. अंधेरी-घाटकोपरकरांना आता तिकडे जाणं सोपं झालंय. मरोळ नाक्याला मेट्रो बदलली की थेट काळबादेवी.

आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नका. बाकी द्यायची ती गठ्ठा सोडून, पत्रिका वाचून झाल्यावर. माझ्याकडची बाकी मागायला घाटकोपरच्या त्या दुकानातून अजून फोन येतात. मी दिलेली नाही आणि देणार नाही.