बकेटहेड : सुरुवात कुठून करायची?

डोक्यावर चिकनची बादली, तोंडावर पांढरा मुखवटा. या अमेरिकन गिटारिस्टच्या चाहत्यांत एक भांडण कायमचं : इतके अल्बम काढणारा माणूस दर्जा कसा राखणार? २०११ ला सुरू झालेल्या ‘पाइक’ मालिकेतच शेकडो अल्बम, एकट्या २०१५ साली शंभरावर! काही तेच ते वाटतात, हे कबूल. म्हणून पाइक १ पासून क्रमाने चढू नका, दमाल.

आधी ‘कोल्मा’ (१९९८) ऐका. आई आजारी होती, तिला ऐकता यावा म्हणून केलेला. वेग बाजूला, सूर लांब. लगेच प्रॅक्सिसचा ‘ट्रान्सम्युटेशन’ (१९९२) लावा. बिल लासवेलचा हा बँड, बूटसी कॉलिन्स सोबतीला, फंक आणि मेटलची नुसती मारामारी. वाजवणारा तोच, हे पटत नाही! ‘डेथ क्यूब के’ या नावाने तो संथ, काळोखं काही करतो. (इंग्रजीत लिहून बघा, बकेटहेडचीच अक्षरं आहेत.)

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास : त्याच्या गिटारवर व्हिडिओ गेमसारखं लाल बटण असतं. दाबलं की सिग्नल ग्राउंडला शॉर्ट, आवाज गप्प. सोडलं की परत. तार वाजतच असते, तो फक्त आवाजाचे तुकडे पाडतो. ‘जॉर्डन’मध्ये हे स्पष्ट ऐकू येतं.