अवाक् होण्याचे लेखन

भावावेग अनावर झाला की वाणी खुंटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. 'वाचा बसणे', 'कंठ दाटून येणे', 'तोंडून शब्द न फुटणे' हे मराठी वाक्प्रचार त्याच अनुभवाचे वर्णन करतात. आंतरजालावरील बोली मात्र पुष्कळदा वर्णन न करता ती अवस्था भाषेतच घडवून दाखविते. तिची ही रीत कशी चालते, हे येथे पाहावयाचे आहे.

इंग्रजीतील 'आय कान्ट ईव्हन' हे परिचित उदाहरण घेऊ. 'कान्ट'ने असमर्थता सांगितली, 'ईव्हन'ने साधी गोष्टही जमत नसल्याचे सुचविले; परंतु कोणती गोष्ट, हे सांगणारे क्रियापद येतच नाही. वाक्य जेथे तुटते तेथेच अर्थ पुरा होतो. जपानीत एखाद्या त्रोटक उद्गारापुढे कंसात 'गोइर्योकु', म्हणजे 'शब्दसामर्थ्य', एवढेच लिहितात. ते सामर्थ्य सरले, हे वाचकाने ओळखावयाचे असते. कळफलकावर बोटे आपटून उमटविलेली निरर्थक अक्षरमालिका तर शब्दाचाच त्याग करते.

परंतु ही मालिका दिसते तितकी स्वैर नसते. ग्रेचेन मॅककलक यांनी 'बिकॉज इंटरनेट' (2019) ह्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे तिची अक्षरे बहुधा कळफलकाच्या मधल्या ओळीतील असतात, आणि ती मनासारखी न दिसल्यास पुसून पुन्हा उमटविणारेही आहेत. मग हा भावावेग खोटा मानावयाचा काय?

येथे भरताचे नाट्यशास्त्र उपयोगी पडते. त्यातील आठ सात्त्विक भावांत स्तंभ आणि स्वरभेद यांचा समावेश आहे. आणि ज्या सत्त्वातून हे भाव प्रकटतात ते समाहित मनातून निर्माण होते, असे सातवा अध्याय सांगतो. भावाचे प्रकटीकरण आणि मनाची एकाग्रता यांत भरताला विरोध दिसत नाही. भेद आहे तो साधनांचा. नटाजवळ देह आणि स्वर असतात. आंतरजालावर लिहिणाऱ्याजवळ केवळ अक्षरे. समोरासमोर मौन दिसते, लेखनात ते केवळ अनुपस्थिती ठरते. म्हणून अवाक् झालेल्यालाही काही लिहावेच लागते.

मराठी वाचक एखाद्या मजकुराखाली 'निःशब्द' असे लिहितो, तेव्हा तीच अडचण तो शब्दाने सोडवितो. क्षुल्लक प्रसंगी वारंवार योजल्याने असे संकेत झिजतात, हे खरे. परंतु संकेतबद्धता म्हणजे असत्य नव्हे, हा विवेक त्यांच्या अभ्यासकाने राखला पाहिजे.